गड्यानं खेळ का सोडला

खंड्या, तुझा कावळा परवा एका इंग्रजासाठी अडून बसला होता.

सिंदफणेच्या काठावर तुझ्या दहाव्याला आम्ही सगळे जमलो होतो. पिंड मांडला होता. बाभळीवर चांगले सात-आठ कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. तुझा भाऊ पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "दादा, वैनीची काळजी करू नको, मी हाय." कावळे ढिम्म. मग जावई म्हणाला, "मामा, मेंढरं इकनार न्हाई." एकानं मान वाकडी करून बघितलं, बस्स. शाळेचे हेडमास्तर आले आणि मैदानाला तारेचं कुंपण करून घेऊ म्हणाले, तर एक कावळा चक्क उडून गेला. हेडमास्तरांचा शब्द कावळ्यांनाही माहीत दिसतो. ऊन चढत होतं, म्हाताऱ्या माणसांना उभं राहवेना. कुणी म्हणालं, दर्भाचा कावळा करा आणि उरका. तेवढ्यात तुझी लेक सुनीता पुढं आली आणि रडत रडत म्हणाली, "आबा, तुमची गड्याची वही मन्मथकाका पुरी करतील." आणि एक म्हातारा कावळा सरळ खाली उतरला, इकडंतिकडं न बघता.

सगळे माझ्याकडं वळले. मला कुणी काही विचारलं नव्हतं. आमच्यात कावळा नसतोच, हे तुला ठाऊक आहे. आमच्यात माणसाला बसवून माती देतात, बेल वाहतात, आणि मेलेल्याचं काय राहिलं ते पक्ष्यांना विचारत बसत नाहीत. पण पंचक्रोशीसमोर माझ्या नावावर शब्द पडला तो पडला. सोमवारी शाळेत तुझी शोकसभा आहे. सुनीता ती वही तिथं वाचणार आहे. माझ्या हातात चार दिवस आहेत, आणि डोकं काही ठिकाणावर नाही. तुला तुझंच काय सांगायचं, पण मला पहिल्यापासून क्रमानं लावू दे. नाहीतर मी यात हरवेन.

परतीच्या वाटेवर सोपान तेली मला हळूच म्हणाला, "कोन गडी बे? मास्तरचा काय संबंध?" मी म्हणालो, दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडकडून रग्बी खेळायचा, खंडू त्याचं चरित्र लिहीत होता. सोपाननं माझं कपाळ चाचपलं. मग म्हणाला, "तू आज जेव आन् जरा पड."

आठ-नऊ वर्षं झाली असतील. तू खेळाचा मास्तर. तालुक्याच्या बैठकीवरून आलास, दुकानासमोर रस्त्यावर ठेवलेल्या तुझ्या स्टुलावर टेकलास आणि म्हणालास, "मन्म्या, सरकारनं नवीन खेळ धाडलाय. रग्बी. बॉल आंड्यावानी आसतो म्हनं." खेळ धाडला होता, बॉल धाडला नव्हता. मग तू घरची जुनी घोंगडी गुंडाळलीस, सुतळीनं आवळलीस आणि आठवीच्या पोरींच्या हातात दिलीस. शिरूर कासारात रग्बीचा पहिला बॉल हा असा. त्याला मेंढराचा वास यायचा, आणि पावसात भिजला की दोन पोरींना मिळून उचलावा लागायचा.

पुढं पळायचं आणि मागं फेकायचं, हा नियम तू सांगितलास तेव्हा एक पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, आसं कुटं आसतंय व्हय?" तू म्हणालास, "मेंढरं म्होरं चालत्यात, धनगर मागं चालतो. मेंढरू वळून बघतंय का कवा? मागं कोन हाय ते न बघता कळाया पायजे. तेवढंच शिका." दिवाळी झाली की निम्म्या पोरी आईबापासोबत ऊसतोडीला जायच्या, आणि स्पर्धा नेमक्या त्यानंतर. दरवर्षी तू नव्यानं शिकवायचास. दरवर्षी हरायचास. दरवर्षी येऊन मला सांगायचास की यंदा जवळ गेलतो.

त्याच सुमारास बीडला बसस्थानकाबाहेर एका रद्दीवाल्याकडं तुला ते पुस्तक मिळालं. पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती. आत एक फोटो: वीस माणसं, सगळ्यांना मिशा, काहींच्या डोक्यावर गोंड्याच्या टोप्या. तेव्हा एका बाजूला वीस जण खेळायचे. एकोणीस जण समोर बघताहेत. एक मागच्या रांगेतला भलतीकडंच बघतोय. तू त्याच्यावर बोट ठेवलंस. "ह्याला बघ. ह्याला कुटंतरी जायचंय."

सुनीतानं फोटोखालचं त्याचं नाव फोनवर शोधलं. चार ओळी मिळाल्या. इंग्लंडकडून तीन सामने खेळला. पुढच्या फळीत ढकलाढकली करणारा. धंदा, लोकरीचा व्यापारी. चौथ्या सामन्याच्या यादीत नाव नाही. कारण दिलेलं नाही. त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला आणि म्हातारा होऊन मेला. त्याचं नाव तुझ्या तोंडात बसेना, माझ्याही नाही, म्हणून तू त्याला गडी म्हणायला लागलास. त्या चार ओळींवरून तू दोनशे पानी वही भरायला घेतलीस. मी म्हणालो, वेडा झालास. तू म्हणालास, व्हय.

मला ते पहिलं प्रकरण आठवतं. गड्याचं बालपण. गडी पहाटे उठून मेंढरं सोडतो, आई त्याला भाकरी आणि ठेचा बांधून देते. मी म्हणालो, "अरे, इंग्लंडात भाकरी? पुराव्याशिवाय लिहू नको." तू मुकाट्यानं भाकरी खोडलीस आणि वर लिहिलंस, 'भाकरीसारखं काहीतरी'. ठेचा तसाच ठेवलास.

आणि एक गोष्ट तुला फार लागली होती. तुझ्या त्या पुस्तकात लिहिलं होतं की त्या काळात चेंडू घेऊन सगळ्यांना चुकवत पार रेषेपलीकडं जाऊन टेकवला, तरी गुण मिळायचा नाही. फक्त गोलपोस्टकडं एक लाथ मारायचा हक्क मिळायचा. लाथ बसली तर बसली, हुकली की सगळं शून्य. त्याच पुस्तकाप्रमाणं गड्यानं एकदा चेंडू टेकवला होता. लाथ दुसऱ्यानं मारली, हुकली. तू दोन दिवस तेच बोलत होतास. "म्हंजे बग मन्म्या, गडी पोचला. पन गुनात कुटं लिवलंच न्हाई." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. एका गोऱ्या माणसासाठी. मी हसलो होतो, त्याची मला आता लाज वाटते. नाही, लाज नाही. काय वाटतं ते कळत नाही.

आपलं खरं भांडण मात्र लोकरीवरून. लोकरीचा व्यापारी हे वाचल्याबरोबर तू मांडी थोपटून म्हणालास, "गडी आपल्यातला! धनगर!" मी म्हणालो, "लोकरीचा व्यापारी म्हणजे मेंढ्या राखणारा नव्हे, लोकर विकणारा. गादीवर बसणारा. तो आमच्यातला, दुकानदार." तू म्हणालास, लोकर काय गादीवर उगवते का? मी म्हणालो, मग काय मेंढी बाजारात जाऊन भाव करते? बाजारच्या दिवशी तू यायचास, मी खाली उतरून दुसऱ्या स्टुलावर बसायचो, आणि चहा गार होईपर्यंत आपण एका मेलेल्या इंग्रजाची जात ठरवत बसायचो. कपिलधारच्या यात्रेला जाणारे आमचे पाहुणे एकदा ते ऐकत उभे राहिले आणि जाताना मला म्हणाले, "कोणाचं लग्न जमवताय?"

गेल्या महिन्यात तू एकदाचा नमलास. "बरं, मेंढरं आमची, दुकान तुमचं. गडी निम्मा-निम्मा." मला वाटलं मिटलं. मी चहावाल्याला आणखी दोन सांगितले. तर तू उठलास, खांद्यावरची घोंगडी सारखी केलीस, आणि जाता जाता म्हणालास, "खेळला तवा त्यो आमच्यातला व्हता. सोडून दिलं तवा तुमच्यातला झाला."

चहा आला तेव्हा तू कोपऱ्यावर वळला होतास. पुढचे दोन बाजार तू आला नाहीस. मीही तुझ्या घरी आलो नाही. तिसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी तू ओट्यावर बसल्या बसल्या कलंडलास. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं ते. उत्तर माझ्याकडं आहे आणि ऐकणारा नाही.

त्या वाक्यात तू गड्याला बोललास की मला, हे मला तेव्हाच कळलं होतं. कारण तीन सामने मीही खेळलो होतो.

आपण दोघं विशीत होतो. जिल्ह्याच्या कबड्डी संघात आपली साखळी होती. तू उजव्या कोपऱ्यात, मी तुझ्या शेजारी, तुझा डावा हात माझ्या उजव्या हातात. समोरचा चढाई करत आला की तू बोट दाबायचास, एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे धर. तोंडानं बोलायची गरज नव्हती. तीन सामन्यांत आपल्या साखळीतून एकही सुटला नाही. चौथ्या वेळी परभणीला जायचं होतं, राज्याच्या निवडीसाठी. सकाळच्या गाडीनं बीड, तिथून पुढं. मी आलो नाही. तू एकटा गेलास, दुसऱ्याच कुणाचा तरी हात धरून खेळलास, तो हात ऐन वेळी सुटला आणि तुझी निवड झाली नाही. परत आलास तेव्हा तू मला एवढंच विचारलंस, "कावून आला न्हाईस?"

आणि मी म्हणालो, "आप्पांनी सोडलं न्हाई."

माझे वडील. आप्पा. कडक माणूस, कपड्याचं दुकान, कपाळाला भस्म, तोंडात शब्द कमी. गावाला ते लगेच पटलं. इतकं पटलं की त्याची म्हणच झाली. अजूनही एखादा बाप पोराला खेळू देत नसला की बायका म्हणतात, पोराचा मन्मथ करू नगा. हे ऐकून मी चाळीस वर्षं हसतोय.

तू मात्र हसला नाहीस. त्या दिवसापासून तू आमच्या दुकानाची पायरी चढला नाहीस. तीन पायऱ्या आहेत, चौथ्या पावलाला दुकान. तू रस्त्यावर उभा राहून हाक मारायचास, "मन्म्या!" आणि मी खाली यायचो. आप्पा आतून चहा पाठवायचे, तू घ्यायचा नाहीस. आप्पांना ते फार लागायचं. त्यांना वाटायचं, लोक म्हणतील धनगराचं पोर म्हणून दुकानदारानं खाली उभं केलंय. एकदा ते स्वतः दारापर्यंत आले आणि म्हणाले, "खंडू, वर ये की. आमचं काई चुकलं का?" तू खाली बघत म्हणालास, "न्हाई आप्पा. हितंच बरं हाय." त्या दिवशी त्यांनीच ते स्टूल खाली ठेवायला लावलं.

आप्पा गेले तेव्हा तू शेतात आलास. लांब बांधावर उभा राहिलास. सगळ्यांनी माती लोटली, बेल वाहिला, तू जवळ आला नाहीस. मला वाटलं, केवढा हा राग. मेलेल्या माणसावरही. आणि हा राग मी लावलेला. आप्पा गेल्यावर तरी तू वर येशील असं वाटलं होतं, पण नाही, स्टूल रस्त्यावरच राहिलं. मग मीही खालीच बसायला शिकलो. एवढी वर्षं आपण दोघं रस्त्याच्या कडेला दोस्ती करत बसलो, आणि मागं माझं दुकान उघडं.

आता खरं सांगतो. तुला हे चाळीस वर्षांत एकदा सांगायचं होतं, स्टुलावर बसल्यावर दर वेळी जिभेवर यायचं, आणि मी लोकरीवर घसरायचो.

आप्पांनी मला अडवलं नव्हतं. आप्पांनी दशम्या बांधून दिल्या होत्या. नवे कॅनव्हासचे बूट आणले होते. तुला माहीत नाही, आपल्या तिसऱ्या सामन्याला ते बीडला आले होते, कुणाला न सांगता, आणि मिटलेली छत्री घेऊन मैदानाच्या कडेला पार शेवटपर्यंत उभे होते. त्या सकाळी ते म्हणाले, "जा. दुकान काय पळून चाललंय?" मी निघालो. पिशवी घेऊन स्टँडवर आलो. गाडी लागली होती. तू खिडकीत होतास, शेजारच्या सीटवर माझ्यासाठी घोंगडी टाकून जागा धरली होतीस. एक बाई बसायला आली तर तू तिच्याशी भांडलास. मी सगळं बघत होतो. मी रसवंतीच्या बांबूच्या तट्ट्याआड उभा होतो. तू खाली उतरलास, इकडंतिकडं बघितलंस, कंडक्टरला थांबायला लावलंस. गाडीनं दोनदा हॉर्न दिला. तू पायरीवर लटकून शेवटपर्यंत रस्त्याकडं बघत राहिलास. गाडी गेली.

मी दुकानात परत आलो. आप्पांना म्हणालो, गाडी चुकली. मग त्यांनी दशम्यांचं गाठोडं सोडलं आणि आम्ही दोघांनी गादीवर बसून खाल्ल्या. त्यानंतर त्या विषयावर ते कधीच बोलले नाहीत.

का चढलो नाही? खंड्या, मला माहीत नाही. हे टाळायला म्हणत नाही. मी चाळीस वर्षं याच्यावर विचार केलाय. भ्यालो म्हणावं, तर कशाला? मार लागायची भीती मला नव्हती. परभणीत माझ्यापेक्षा चांगले निघतील, याची होती का? असेल. शिरूरात मी कुणीतरी होतो, तिथं कुणीच नसतो, म्हणून असेल. कधी वाटतं, तुझ्या त्या घोंगडीमुळं. माझ्यासाठी कुणीतरी जागा धरून बसलंय, भांडतंय, हे बघून माझे पायच उचलेनात. हे तरी काही कारण झालं का? दरवर्षी मला वेगळं कारण पटतं. एखाद्या वर्षी कुठलंच पटत नाही.

दहाव्याच्या संध्याकाळीच सुनीतानं वही आणून दिली. घोंगडीत बांधलेली, पोरींच्या बॉलची ती घोंगडी. मी चष्मा लावून शेवटचं प्रकरण काढलं. वर तुझ्या मोठ्या अक्षरात, 'गड्यानं खेळ का सोडला'. खाली पहिला अंदाज, गुडघा मोडला असेल. खोडलेला. दुसरा अंदाज चांगला दोन पानांचा, गड्याचा बाप कडक व्यापारी, गादी सोडू देईना. तो मी वाचू शकलो नाही, डोळ्यासमोर आप्पाच येत होते. तोही उभ्या रेघेनं खोडलेला, आणि ती रेघ नव्या पेनची. त्याच पेननं खाली लिहिलं होतं:

'न्हाई. बापानं आडवलं न्हाई. गडी स्टेशनापतोर आलता. रसवंतीच्या तट्ट्याआड हुबा व्हता. त्याचे नवे बूट तट्ट्याखालून दिसत व्हते. त्याच्यासाटी जागा धरलेली व्हती ती त्यानं बगितली. चढला न्हाई. कावून, ते त्यालाच इचारावं लागंल.'

बाकी पान कोरं.

मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, अरे, इंग्लंडच्या स्टेशनावर रसवंती? किती वेळा सांगितलं, पुराव्याशिवाय लिहू नको. मग मी वही धाडकन मिटली. आमच्या हिनं आतून विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, बूट दिसत होते.

तू मला बघितलं होतंस. त्याच दिवशी. तू गाडीच्या पायरीवर लटकून रस्त्याकडं नव्हे, माझ्याकडं बघत होतास. आणि परभणीहून आल्यावर विचारलंस, कावून आला न्हाईस, आणि मी आप्पांचं नाव घेतलं, आणि तू ते ऐकून घेतलंस.

मग माझं काहीच जुळेना झालंय. तुला माहीत होतं, तर आप्पांवर राग कसला? पायरी का चढला नाहीस? चहा का घेतला नाहीस? मला एक सुचतंय ते सांगतो, चूक असेल तर... तर काय, तू आता काय करणार आहेस. तू वर आला असतास, चहा घेतला असतास, तर कधी ना कधी आप्पा बोलले असते. "खंडू, त्या दिवशी ह्याची गाडी चुकली बघ, मी तर धाडलं होतं." त्यांना सांगितलेलं खोटं आणि तुला सांगितलेलं खोटं एका चहावर समोरासमोर आलं असतं. तुला नाही म्हणता आलं नसतं आणि होही म्हणता आलं नसतं. म्हणून तू खाली उभा राहिलास का? मला उघडं पडू द्यायचं नाही म्हणून? चाळीस वर्षं? उन्हात?

की तसं काही नव्हतंच? राग माझ्यावरच होता, आणि तो माझ्या दाराशी रोज उभा करत होतास, मी कधी बोलतो ते बघत? तुझ्या 'हितंच बरं हाय'चा अर्थ काय लावू? मी दोन्ही लावून बघतो. सकाळी पहिला खरा वाटतो आणि मी रडतो. दुपारी दुसरा खरा वाटतो आणि मी तुझ्यावर चिडतो. लेका, एकदा बोलायचंस. आई-बहिणीवरून शिवी द्यायचीस. बाजारात सगळ्यांसमोर कॉलर धरायचीस. मी वाचलो असतो.

आमचं शेत करणारा लिंबा काल सांगत होता. गेल्या महिन्यात, आपण न भेटलेल्या त्या दिवसांत, तू दोनदा आमच्या शेतात गेला होतास. आप्पांच्या समाधीपाशी पायतान काढून बसलास. एकदा बेलाची पानं नेली होतीस. लिंबानं विचारलं तर म्हणालास, "म्हाताऱ्याला एक सांगायचं ऱ्हायलं व्हतं." काय सांगितलंस? माझी बाजू मांडलीस की माझं नाव सांगितलंस? हेही मला कळायचं नाही. तुम्ही दोघं आता एका बाजूला झालात आणि साखळीत मी एकटा राहिलोय.

काल संध्याकाळी सुनीता आली. तिला यातलं काही माहीत नाही. तिनं विचारलं, "काका, सुचतंय का कायतरी? गड्यानं का सोडलं आसंल?" मी म्हणालो, "बापानं अडवलं असेल, असंच लिहू का? लोकांना पटतं ते." तिनं मान हलवली. "आबा ते आदी तसंच म्हनायचे. पन शेवटच्या दिवसांत म्हनले, बापावरचा बोल पुसून काढायचाय, लई दिवस लागलाय त्या मानसाला." मी विचारलं, कुठल्या माणसाला? ती म्हणाली, "गड्याच्या बापाला की. दुसरं कोन?"

ती गेल्यावर मी दुकानाच्या पायरीवर बसलो. मधल्या. समोर तुझं स्टूल होतं. मी वही मांडीवर घेतली. मनात आलं, अजून वेळ आहे. पान फाडलं तरी कुणाला कळणार आहे? सोमवारी सगळं गाव येणार. सोपान तेली येणार, हेडमास्तर, तुझ्या पोरी, ती म्हण म्हणणाऱ्या सगळ्या बायका. त्रेसष्टाव्या वर्षी मी त्यांच्यापुढं उभा राहून काय सांगू, की तुमची म्हण खोटी आहे? की आप्पांनी नाही, मीच? आणि कुणी विचारलं का, तर माझ्याकडं उत्तरही नाही. उत्तर असतं तर सोपं होतं.

पान फाडलं नाही. तुझ्या अक्षराखाली, माझ्या दुकानदारी अक्षरात, मी लिहिलं:

'बापानं जा म्हटलं होतं. दशम्या बांधून दिल्या होत्या आणि नवे बूट घेऊन दिले होते. गडी आपल्या पायानं आला आणि आपल्या पायानं मागं फिरला. मग मित्राला सांगितलं बापानं अडवलं, आणि बापाला सांगितलं गाडी चुकली. दोष बापाचा नाही, कधीच नव्हता. गडी का चढला नाही, ते गड्याला अजून कळलेलं नाही. गड्याचं नाव मन्मथ.'

एवढंच. यात तुला हवं होतं ते आलं की नाही, सांगता येत नाही. तुझा इंग्रज मी बिघडवला असेन, तर माफ कर. त्यानं का सोडलं, ते तिकडं त्यालाच विचार, भेटला तर. लोकर कुणाची तेही विचार.

वही सुनीता वाचणार नाही, मी वाचणार आहे, तसं मी तिला फोन करून सांगितलं. तुझी भाकरी, ठेचा, सगळं आहे तसं वाचीन. ती म्हणाली, "काका, त्या स्टेशनावर रसवंती लिवलीय आबांनी, त्येवढी खोडा, लोक हसतील." मी म्हणालो, रसवंती राहू दे. तिला पुरावा आहे.